अस्वलाचे दुकान आणि आपले सोवळे

लंडनला भावाकडे सहकुटुंब जाऊन आले, तेव्हा शाळेत साहजिकच विचारणा झाली, “बाई, काय काय पाहिलेत?” मी म्हटले, “पॅडिंग्टन स्टेशनातले अस्वलाचे दुकान!” त्यावर आमचे एक साहित्यप्रेमी गुरुजी हसून म्हणाले, “म्हणजे वाङ्मयाचा बाजार पाहून आलात!”

त्या हसण्याला हे उत्तर.

मायकेल बाँड यांचे पॅडिंग्टन अस्वल १९५८ साली पुस्तकात जन्मले. युद्धकाळात गळ्यात चिठ्ठी अडकवून लंडनबाहेर धाडलेली मुले बाँड यांच्या स्मरणात होती; म्हणूनच पेरू देशातून आलेले हे पोरके अस्वल गळ्यात चिठ्ठी घालून स्टेशनवर उभे राहिले. त्याचे मऊ खेळणे निघाले १९७२ साली, चौदा वर्षांनी. आधी कथा, मग बाजार!

माझ्या लेकीने ही पुस्तके वाचून वाचून खिळखिळी केली आहेत. लाल टोपीचे, निळ्या डगल्याचे अस्वल छातीशी धरून तिने विचारले, “आई, आपल्या फाफेचं दुकान कुठे गं?”

मी निरुत्तर झाले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे काय, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या काय, एकाचीही बाहुली आमच्या गावच्या जत्रेत मी कधी पाहिली नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला मातीचे मावळे मात्र आपण हौसेने विकत आणतो. त्याने शिवरायांचा इतिहास बाटला, असे कोणी म्हणते काय? उलट, त्या मावळ्यांशी खेळता खेळताच पोरे तानाजी-बाजीप्रभूंची नावे शिकतात.

दुकानात लोभ असतो, हे कबूल. किमती ऐकून यजमानांनी दोनदा पाकीट चाचपले! पण बाजाराला नाक मुरडले, की आपली अनास्था सोवळ्यात झाकता येते, हेही तितकेच खरे.

आणि यात मी स्वतःला वगळत नाही. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सात वर्षे माझ्याच पिशवीत आहे. पुस्तके फाटतील या धास्तीने मी ते महिन्यातून एकदा उघडते. मग मुलांना फाफे भेटणार कुठे?

सुटी संपली, की ते कपाट रोज उघडे राहील. पुस्तके फाटली, तर खळ करून मी चिकटवीन. गुरुजींनी हवे तर हसावे. जमल्यास चिकटवायला यावे.