वीस गुणांची भीक नको, एक वर्ष द्या



मंचर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे बाजार समिती, तरकारीचे ढीग आणि डिंभे धरणाचे पाणी येते. ते खरे आहे, पण अर्धेच. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला लोणी-धामणीकडे या. तिथे तुम्हाला तुमचेच रान भेटेल. पावसाकडे लागलेले डोळे, रब्बीची ज्वारी आणि कडबा उन्हाळाभर पुरेल का याचा घोर.

त्या बाजूची एक मुलगी मंचरच्या बैठकीनंतर थांबली. म्हणाली, "दादा, दहावीला गणितात एकतीस पडले. परीक्षेच्या तोंडावर ज्वारी काढणीला आली होती आणि आई अंथरुणाला खिळलेली. जुलैत परत बसले, सुटले. तोवर विज्ञानाच्या जागा भरल्या होत्या, म्हणून कलेला नाव घातलं. आता बारावी झाले. मला शेतकी कॉलेजला जायचंय. काय करू?"

मी शेतकीचा पदवीधर. नोकरी सोडून चळवळीत आलो त्याला बरीच वर्षे झाली. तुमच्या जमिनीचा सामू विचारा, बोंडअळीचे विचारा, सांगतो. त्या पोरीच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तसा रस्ताच या राज्यात कोणी बांधलेला नाही.

रस्ता कसा आहे ते बघा. बीएस्सी कृषीला जायचे तर बारावी विज्ञान शाखेतूनच हवी. वर सीईटी. त्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतून मिळू शकतात, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले पोर अकरावीत एकदम इंग्रजी विज्ञानात पडते. ज्याच्या बापाकडे शहरातल्या क्लासची फी भरायला पैसे आहेत ते तरते. कोरडवाहूवाल्याचे पोर कलाशाखेच्या काठाला लागते. एकदा तिकडे गेले की शेतकीचा अर्जसुद्धा भरता येत नाही. त्याला म्हणतात, परत अकरावीपासून सुरुवात कर. घरात वेचणीला माणूस मिळेना, तिथे दोन वर्षे आणि दोन वर्षांचा खर्च कुठून आणायचा? दहावीनंतरची कृषी पदविका आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण पदविका एवढीच आमच्या पोरांची धाव, हे कोणी ठरवले?

आमचे पोर गणितात ढ असते, हे मला मान्य नाही. आमच्याकडे ज्वारीची काढणी आणि दहावीची परीक्षा पाठोपाठ येतात. कापसाच्या मुलखात दिवाळीपासून वेचणी आणि शाळेचे दुसरे सत्र एकाच वेळी चालतात. उसाच्या फडावर गेलेल्यांच्या पोरांचे तर अर्धे वर्ष कोपीतच जाते. पोर गणितात नापास होते तेव्हा खरे तर शाळेचे वेळापत्रक नापास झालेले असते. शेतीचा हंगाम न बघता ते आखले, आणि गुणपत्रिका मात्र पोराच्या हातात दिली.

बरे, गणित आमच्या घरात नाही असे थोडेच आहे? तीन बाय दोन फुटांवर कपाशी लावली तर एकरात ७,२६० झाडे बसतात, हे सरकी टोकणारी बाई बियाण्याच्या पाकिटावरून ताडते. क्विंटलभर कापसातून रुई किती आणि सरकी किती निघेल, हे तुम्ही जिनिंगवर मुठीतला कापूस बघून सांगता. ते टक्केवारीचेच गणित आहे. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे गोणीत नत्र २० किलो ७०० ग्रॅम. एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. हे कागदावर मांडायला शिकवले की झाले ते विज्ञान. शिकवले नाही तर काय होते तेही आपण पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर प्राणाला मुकले. औषधाचे प्रमाण, वाऱ्याची दिशा, दोन विषांचे मिश्रण, यातले समजावून सांगणारा आपल्यातला माणूस गावात असणे हा चैनीचा विषय नाही.

आता सरकारचा उपाय ऐका. २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात सुचवले गेले की दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी पोराला पुढे जाऊ द्यावे. मात्र गुणपत्रिकेवर शेरा मारावा, की याला पुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही. पोराचे वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू वाईट नाही. पण भावांनो, ही सूट आपल्या ओळखीची आहे. मालाला भाव द्यायचा नाही आणि कर्जात सवलत द्यायची, त्याच जातीची ही सूट. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, काढणीच्या दिवसांत दिलेल्या एका परीक्षेवरून जन्माचा शिक्का मारायचा, आणि वर म्हणायचे आम्ही तुम्हाला पास केले!

"मग काय, दर्जा घसरवायचा?" असे आमचे काही प्राध्यापक मित्र विचारतात. त्यांना तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आयआयटीची. अनुसूचित जाती-जमातींची आणि अपंग मुले प्रवेश परीक्षेत थोडी कमी पडली तर त्यांच्यासाठी आयआयटीत एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम असतो. भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी शिकवतात. तो पार केला की पुढच्या वर्षी पदवीला सरळ जागा. आयआयटीचा दर्जा त्याने बुडाला नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच नाशिकची. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. शाळा सुटलेल्या माणसासाठी त्याने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला. तो पार करून कितीतरी कामकरी माणसे कला-वाणिज्याच्या पदवीला बसली. कलेसाठी जमले, ते विज्ञानासाठी प्रयोगशाळा जोडून जमवता येईल.

तिसरी गोष्ट खुद्द शेतकी कॉलेजातली. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेले पोर कृषी पदवीला चालते. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात अशा पोराला पहिल्या सत्रात प्राथमिक गणित शिकवायची सोय होती, आणि गणितवाल्याला प्राथमिक जीवशास्त्र. म्हणजे राहिलेला विषय नंतर शिकवून भरून काढता येतो, हे यांना मान्य आहे. मग एका विषयाची तूट एका सत्रात भरत असेल, तर तीन-चार विषयांची तूट एका वर्षात का भरणार नाही?

म्हणून आपली मागणी साधी आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग काढावा. बारावी कोणत्याही शाखेतून झालेल्या शेतकरी-शेतमजुराच्या मुलामुलींना तो खुला असावा. शिकवणे मराठीतून, जोडीला इंग्रजी संज्ञा, म्हणजे पुढे पदवीला अडायला नको. वर्ग तालुक्याच्या गावी, तिथल्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत भरावेत आणि काढणी-वेचणीच्या दिवसांत त्यांना सुटी असावी. शेवटी परीक्षा कडक घ्या, एक गुणही फुकट देऊ नका. पण ती पार करणाऱ्यासाठी पदवीची जागा राखलेली हवी. आणि हे वर्ष मिळण्याआधी कोणाच्याही गुणपत्रिकेवर शेरा मारू नये.

पैसा कुठून येईल, असे विचारतील. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते, की सारा भरतो शेतकरी आणि सरकारच्या शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. राहुरीच्या विद्यापीठाच्या पाटीवर जोतीरावांचे नाव आहे. त्या दारातून कोरडवाहू शेतकऱ्याची पोर आत जाऊ शकत नसेल, तर ते नाव कशाला?

माझ्या वर्गातले कितीतरी जण पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांच्या रांगेत गेले. त्यांना दोष देत नाही. पण ज्या पोरीला शेतीच शिकायची आहे, ती रांगेच्या बाहेर उभी आहे.

तेव्हा तुमच्या जिल्ह्याच्या बैठकीत हा ठराव मांडा. गावात अशी किती मुले-मुली आहेत त्याची यादी करा. गणितात कितीला अडले आणि त्या महिन्यात घरी कोणते काम होते, तेही लिहा. या याद्या एकत्र करून आपण चारही कुलगुरूंपुढे ठेवू. त्या पोरीला मी सांगितले आहे, उत्तर घेऊन येतो. एकट्याने ते मिळणार नाही.