राजा, दुभाषी आणि संत
आजच्या उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया या अँग्लो-सॅक्सन राज्याची गादी इ. स. ६३४च्या सुमारास मिळवणाऱ्या ऑस्वल्डने, परागंदा असताना स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म प्रजेत रुजावा म्हणून, आयोना बेटावरील मठातून एडन या भिक्षूला बोलावले, त्याला लिंडिसफार्न बेट दिले आणि एडनला इंग्रजी नीट येत नसल्याने स्वतः दुभाषी होऊन त्याची प्रवचने सरदारांना समजावून दिली, असे बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात नोंदवले आहे. ६४२मध्ये मर्सियाच्या ख्रिस्तेतर पेंडा राजाशी लढताना ऑस्वल्ड मारला गेला आणि हुतात्मा संत, म्हणजे धर्मासाठी प्राण वेचणारा, म्हणून पूजला जाऊ लागला; तथापि त्याचे खरे मोठेपण रणातील मरणापेक्षा राजाने आपणहून पत्करलेल्या या दुभाष्याच्या सेवेतच मानले पाहिजे.