वेल्डरचा मान

नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली, तेव्हा सूतकताईत मुरलेल्या हातांचं कसब बाजारात कोणी विचारेना. आज चित्र बदलू शकतं: लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. २०१८ मध्ये पायाभरणी झाली, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. अशा कारखान्याला वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन लागतात. आपलं सगळं शहाणपण मात्र, अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’सकट, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर खर्च होतं. डॉक्टर हवेतच. पण सोयाबीनच्या पडलेल्या भावाने खचलेल्या घरातली जी मुलगी वैद्यकीय प्रवेशाला मुकते, तिला आयटीआयचा रस्ता दाखवताना आपला आवाज का खाली येतो? आयटीआयच्या कार्यशाळांत नवी यंत्रं आणा, निदेशकांची रिक्त पदं भरा आणि कारखान्यातली भरती आधी याच मातीतल्या मुलामुलींसाठी खुली करा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.