कासवाला ट्रान्समीटर, मग जाळ्याला खिडकी का नाही?

जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला गेला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. पाठोपाठ सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेचा हा प्रयोग पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंसाठी पहिलाच होता. प्रथमा आज कुठे पोहोचली, याचे अपडेट आपण मॅचच्या स्कोअरसारखे शेअर केले. काही महिन्यांत एकेकीचे सिग्नल थांबले आणि आपण पुढच्या रीलकडे वळलो.

प्रयोग चांगलाच होता. कासवं अंडी घालून जातात कुठे, हे कळल्याशिवाय त्यांना वाचवणार कसं? पण यातून आपली एक सवय उघडी पडते. जे तंत्रज्ञान काहीतरी दाखवतं ते आपल्याला लगेच आवडतं. जे गुपचूप काम करतं त्याचं नावसुद्धा माहीत नसतं.

असंच एक नाव म्हणजे ‘टेड’, अर्थात टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस. कासवाला माशासारखे कल्ले नसतात. हवा घ्यायला त्याला वर यावंच लागतं. कोळंबीसाठी ट्रॉलरचं जाळं दोन-दोन, तीन-तीन तास पाण्याखाली ओढलं जातं आणि त्यात अडकलेलं कासव गुदमरून मरतं. टेड म्हणजे जाळ्यात तिरकी बसवलेली एक जाळी. कोळंबी तिच्या गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडतं आणि बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतं. ना बॅटरी, ना सिग्नल, ना ॲप! कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्याकडच्या बोटींसाठी त्याचं देशी रूपही तयार केलंय.

मग ते प्रत्येक ट्रॉलरवर का नाही? कारण खिडकीतून कासवासोबत थोडी मासळीही निसटते. समुद्रातलं प्लास्टिक आणि काटक्या गजांत अडकल्या की आणखी नुकसान. डिझेलचे पैसे, खलाशांचा पगार, बोटीचं कर्ज तांडेलाच्या आणि मालकाच्या डोक्यावर. ‘कासव वाचवा’ म्हणणाऱ्या आपल्या खिशातून मात्र काहीच जात नाही.

शिवाय हा नियम आला तोही परक्याच्या दारातून. कासवांना न जपता पकडलेली कोळंबी आयात करायची नाही, असा कायदा अमेरिकेनं १९८९ मध्ये केला. भारतासह चार देश जागतिक व्यापार संघटनेत गेले. अमेरिकेनं हा कायदा ज्या पद्धतीनं लावला ती भेदभावाची आहे, असा निकाल १९९८ मध्ये लागला. पण कायदा राहिला आणि २०१९ मध्ये आपल्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेचं दार बंद झालं. शेततळ्यातली कोळंबी सुटली, दर्यावरची अडकली. ‘आमच्या पोटापेक्षा कासव मोठं का?’ असं एखाद्या मच्छीमारानं विचारलं, तर त्याला अडाणी ठरवून आपण मोकळे होऊ नये. प्रश्न रास्त आहे.

उत्तरही आपल्याच राज्यात आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव जाळं कापून सोडला, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून आहे. पुरावा काय, तर मोबाइलवर काढलेले फोटो आणि व्हिडीओ. इथे मच्छीमाराला गुन्हेगार मानलेलं नाही, भागीदार मानलंय. नियम असाच टिकतो. खर्च वाटून घेतला की माणसं तो आपला मानतात.

टेडबाबतही तेच व्हावं, असं मला वाटतं. टेड फुकट द्यावं. पहिले एक-दोन हंगाम जी मासळी कमी मिळेल त्याची भरपाई द्यावी. बसवायचं कसं, साफ करायचं कसं, हे हर्णैसारख्या बंदरात बोटीवर जाऊन शिकवावं. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींसाठी याहून चांगलं फिल्डवर्क कोणतं? एवढं सगळं दिल्यावरही कुणी जाळ्याची खिडकी शिवून टाकली, तर मग खुशाल दंड करा. ट्रान्समीटरमधून मिळालेली माहितीही इंग्रजी अहवालात पडून राहू नये. कोणत्या महिन्यात कासवं कुठल्या पट्ट्यात असतात, हे मराठीत बंदरावरच्या फळ्यावर लागलं पाहिजे. ज्याच्या जाळ्यात कासव येतं, त्याला ही माहिती आधी मिळायला हवी.

आणि आपलं काय? वेळासच्या लोकांनी २००२ पासून घरटी राखली. अंडी चोरीला जाणाऱ्या किनाऱ्यावर आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेनं धावतात, हे माहीत असूनही आपण अंधार पडल्यावर फ्लॅश मारत असू, तर ट्रॉलरवाल्याला उपदेश करायचा हक्क आपल्याला कुठून आला? त्याच्याकडे निदान पोटाचं कारण आहे. आपल्याकडे फक्त स्टोरी.

पुढच्या हंगामात वेळासला याल तेव्हा फोन खिशात ठेवा. परतताना बाणकोटला किंवा हर्णैला थांबून एखाद्या मच्छीमाराला टेडबद्दल विचारा. तो वैतागून बोलला तरी नीट ऐकून घ्या. कासवाच्या प्रवासातला जो टप्पा उपग्रहाला दिसत नाही, तो त्यालाच ठाऊक आहे.