रस्त्याचे रूप ठरते जोत्यापाशी

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्यात ज्याला लोक ‘टॉवर’ म्हणतात, तो बहुधा स्टिल्टवर (पार्किंगसाठी मोकळ्या ठेवलेल्या खांबांच्या तळमजल्यावर) सात मजले एवढाच असतो. मुंबईच्या मानाने ही उंची किरकोळ आहे. जुन्या आळीच्या मानाने मात्र ती किरकोळ नाही. सहा मीटर रुंदीच्या आळीत दुमजली कौलारू घराची पागोळीही साधारण सहा मीटरवरच गळते; रुंदी आणि उंची सारखी. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर मार्जिन सोडून २४ मीटरच्या इमारती उभ्या राहिल्या, तर १५ मीटरच्या मोकळ्या पट्ट्यावर दीडपटीहून जास्त उंच भिंती येतात. रस्ता रुंद होऊनही अरुंद भासतो, तो यामुळे.

ही बांधकामे वाढण्याची कारणे उघड आहेत. रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. पेण पनवेल-रोहा मार्गावरचे स्टेशन, शिवाय महामार्गावरचे गाव. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर पेणच्या जाहिरातींत मुंबईचे अंतर मिनिटांत छापले जाऊ लागले. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहान नगरपरिषदांच्या हद्दीतही प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारे जादा चटईक्षेत्र) आणि टीडीआरची (हस्तांतरणीय विकास हक्कांची) दारे उघडली. एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला असल्याने आणि पार्किंग-मार्जिनचा हिशेब एकट्या घराच्या चिंचोळ्या जागेत बसत नसल्याने शेजारचे तीन-चार भूखंड एकत्र केले जातात. जिथे पाच-सहा मीटरवर एकेक दार होते, तिथे कुंपणाची सलग भिंत आणि एक लोखंडी गेट उरते.

खरा घोळ पातळीचा आहे. पेणच्या पश्चिमेचा खारेपाट सखल, आणि भोगावती व कुंडलिका या दोन्ही नद्या पावसाळ्यात गावांना आपली आठवण करून देतात. रायगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून भातखाचरावर बांधायला निघालेला बिल्डर आधी मुरमाचा भराव टाकून भूखंड रस्त्यापेक्षा उंच करतो. त्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच. परंतु भरावामुळे गेटपाशी उतार करावा लागतो, तो पुष्कळदा थेट डांबरापर्यंत येतो, गटारावर काँक्रीटची लादी पडते आणि पदपथ असलाच तर तिथे तुटतो. पुढे रस्ता जुना थर न खरवडता नव्याने केला जातो, म्हणजे तोही चढतो. मधल्यामध्ये जांभ्याच्या जुन्या घराचा तीन पायऱ्यांचा ओटा एका पायरीवर येतो. नव्या इमारतीच्या आवारातले पाणी शेवटी त्याच ओट्याशी येऊन थांबते. नकाशात यातले काही दिसत नाही; मंजुरीचा नकाशा भूखंडाच्या हद्दीवर संपतो.

पेणला याची झळ व्यवसायालाही बसते. कुंभार आळी, कासार आळी या भागांत गणपतीचे कारखाने राहत्या घरांच्या पडवीत आणि तळमजल्यावर वाढले. आषाढ-श्रावणात ओळीने मांडलेल्या मूर्ती, रंगाचे डबे, डोळ्यांच्या आखणीला बसलेला कारागीर हे सारे रस्त्यावरून दिसते आणि गिऱ्हाईक ते पाहूनच आत शिरते. अशा घराचा पुनर्विकास होताना मालकाला वर फ्लॅट मिळतो, पण ओल्या मूर्ती वरच्या मजल्यावर नेता येत नाहीत. स्टिल्टमध्ये गाड्या उभ्या असतात. कारखान्याला मग पत्र्याची शेड शोधत गावाबाहेर जावे लागते.

रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर गावात फिरते. पोलिसांची मानवंदना मिळणारी पालखी म्हणून ती ठाऊक आहे. दारादारापुढे थांबणाऱ्या या पालखीला सोसायटीपुढे एकच दार सापडते, तेही पार्किंगचे.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांचे निरीक्षण असे की पाचव्या मजल्यापलीकडे माणसाचा रस्त्याशी संबंध तुटतो. इथे तो पहिल्याच मजल्याखाली तुटतो, हे आपल्याकडचे वैशिष्ट्य. माथ्याबद्दल फार लिहायला नको: सपाट गच्ची कोकणच्या पावसात गळते आणि काही वर्षांत तिच्यावर निळा पत्रा चढतो. उताराचे छप्पर आधीच आखले असते तर तो खर्च वाचला असता.

उंचीला विरोध करून यातून वाट निघणार नाही. घरांची गरज खरी आहे आणि मजले चढणारच. मात्र रस्त्याकडेची पहिली चार-पाच मीटर खोली गाड्यांऐवजी दुकाने, कारखाने किंवा एखाद्या खोल ओट्याला देऊन पार्किंग मागे सरकवणे बहुतेक भूखंडांवर शक्य असते. गाळ्यांना गिऱ्हाईक असतेच, त्यामुळे बिल्डरचेही नुकसान होत नाही. गेटचा उतार भूखंडाच्या आत घ्यावा, कुंपण कमरेइतके ठेवावे आणि जोत्याची पातळी ठरवण्याआधी रस्त्याची व शेजारच्या ओट्यांची पातळी मोजावी. वास्तुरचनाकारांनी मंजुरीच्या नकाशाला रस्त्याचा आडवा छेद, समोरच्या घरापर्यंतचा, स्वतःहून जोडायला लागावे. नियम तो मागत नाही, पण जोडायला मनाईही करत नाही.