काळ्या यादीतला गवई

गवयाचे तोंड बंद करायला तुरुंगच लागतो असे नाही. त्याला कोणी गायला बोलावू नये, एवढी व्यवस्था केली की पुरते. 1950 सालच्या जूनमध्ये अमेरिकेत 'रेड चॅनेल्स' नावाचे एक छोटेखानी पुस्तक निघाले. त्यात रेडिओ आणि टेलिव्हिजन क्षेत्रातल्या 151 जणांची नावे होती. कोण कोणत्या सभेला गेला, कोणत्या संस्थेशी त्याचा संबंध आला, याची जंत्री होती. खटला नाही, निकाल नाही. पण नाव छापून आले की काम गेलेच म्हणून समजा! 'कम्युनिस्टांचा दोस्त' एवढा शिक्का बस्स होता.

त्या यादीत जॉश व्हाइट होता. आजच्या तरुण वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. 1951 साली मी लंडनला शिकत होतो. बी.बी.सी.वर त्याचा कार्यक्रम असला की पुस्तके मिटून मी घरमालकीणबाईंच्या रेडिओपाशी जाऊन बसे. साथीला फक्त गिटार. आवाज मुलायम, शब्द स्वच्छ, आणि मध्येच तार अशी ओढी की तिला हुंदका फुटावा. ब्लूज म्हणजे काय, असे नातवंडे विचारतात तेव्हा मी म्हणतो, जात्यावरची ओवी आठवा. ऐकायला कोणी असो वा नसो, आपल्या मनावरचा भार उतरावा म्हणून गायलेले गाणे!

हा भार त्याच्या वाट्याला फार लवकर आला. जन्म 1914 चा, दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचा. घरात येऊन थुंकणाऱ्या एका गोऱ्या वसुलीवाल्याला वडिलांनी बाहेर काढले. त्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली, पुढे वेड्यांच्या इस्पितळात डांबले गेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. पोर आंधळ्या गवयांचा हात धरून गावोगाव हिंडू लागले. त्यांच्यासाठी पैसे गोळा करता करता गिटार शिकले. हाच मुलगा पुढे न्यूयॉर्क गाजवून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढे गायला. वर्णद्वेषावर गाणी म्हणायची त्याची छाती होती. यादीत नाव यायला आणखी काय लागते?

यानंतरची गोष्ट मात्र सरळ नाही. 1 सप्टेंबर 1950 रोजी तो आपण होऊन संसदेच्या चौकशी समितीपुढे गेला. कम्युनिस्टांनी माझा उपयोग करून घेतला, असे त्याने सांगितले. जुना सहकारी पॉल रॉब्सन याच्या राजकारणावर टीका केली. मात्र दुसऱ्या कोणाला अडकवण्यासाठी नावे दिली नाहीत. आणि झुंडीने झाडाला लटकवलेल्या कृष्णवर्णीयांवरचे 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे त्याने त्याच समितीला ऐकवले. परिणाम काय? डाव्यांनी त्याला फितूर ठरवले, उजव्यांनी यादीतून काढले नाही. घर ना घाट! म्हणून तर तो लंडनच्या रेडिओवर आमच्या कानी पडला.

रॉब्सन झुकला नाही. त्याचा पासपोर्ट आठ वर्षे अडकला. पीट सीगरने 1955 साली समितीला उत्तरे द्यायचे नाकारले. त्यांना आपण नमस्कार करतोच, करावाच. पण ज्याच्या घरी पोरेबाळे आहेत, ज्याने बापाची ती गत पाहिली आहे, तो भ्याला तर त्याला नावे ठेवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शरम वाटायला हवी ती यादी छापणाऱ्यांना आणि ती निमूटपणे पाळणाऱ्यांना.

1963 साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासमोर तो टेलिव्हिजनवर गायला, तेव्हा कुठे ते दार उघडले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या मोर्चातही तो गायला. 5 सप्टेंबर 1969 रोजी तो वारला. 1998 साली अमेरिकी सरकारने त्याच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. ज्याला घराघरांत शिरू दिले नव्हते, तो पाकिटावर बसून घराघरांत गेला!

सणासुदीला ही उदास कहाणी कशाला, असे काही वाचक म्हणतील. फराळ झाल्यावर मुलांना जवळ बोलवा आणि त्याची एखादी तबकडी ऐकवा. त्या गाण्यात उदासी आहे, पण कडवटपणा औषधालाही सापडायचा नाही.