शाळेच्या अटी कडक हव्यात, पण कुणासाठी?

ट्रक चालवायला शिकवणाऱ्या शाळेला सरकारने कोणत्या अटी घालाव्यात, हा काय बायकांचा प्रश्न झाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. पाणी, रेशन, दारू, हुंडा, टाकून दिलेल्या बायकांची पोटगी हे आपले नेहमीचे विषय. त्यांत हा क्लच-ब्रेकचा विषय कुठून आला? पण मावळात राहून बायकांच्या गटांबरोबर काम करताना मला हा विषय टाळता येत नाही. आमचा सगळा तालुका रस्त्याला चिकटून जगतो. जुना मुंबई-पुणे महामार्ग वडगाव, कामशेत, लोणावळा करत खंडाळ्याला जातो. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तळेगावची औद्योगिक वसाहत आणि पलीकडे खेड तालुक्यातले चाकण इथला माल दिवसरात्र याच वाटेने बोरघाट उतरतो.

या रस्त्यासाठी जमिनी गेल्या त्या घराघरांतून गेल्या. पवनेचे पाणी बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे याच द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्यांत कांताबाई ठाकर ही एक बाई होती. म्हणजे रस्त्यावर जीव द्यायला बाई चालते. करवंदे-जांभळे विकायला, कणसे भाजायला, ढाब्यावर भाकरी थापायला, चिक्कीच्या वड्या पुड्यांत भरायला, बंगल्यांच्या फरशा पुसायलाही चालते. रस्त्यावरच्या कामांपैकी ज्या कामाला त्यातल्या त्यात बरा पैसा आहे, ते गाडी हाकण्याचे काम तेवढे तिचे नाही. एकीकडे माल वाहणारे धंदे चालक मिळत नाहीत म्हणून तक्रार करतात, आणि दुसरीकडे आमच्या गटातल्या पोरी आठ-दहा हजारांवर कंपनीच्या गेटवर कंत्राटदाराची वाट बघत उभ्या असतात.

ट्रकचा ड्रायव्हर आजवर तयार कसा झाला, हे जरा बघू. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर जातो. काच पुसतो, चाकाला ओट लावतो, उस्तादाचे पाय चेपतो, शिव्या खातो. कधीतरी रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग देतो. चार-पाच वर्षांत पोरगा तयार होतो आणि मग कागद गोळा केले जातात. त्याची खरी शाळा म्हणजे क्लीनरची सीट. ती शाळा वाईट आहे. तिथे लहान मुलांची पिळवणूक होते, आणि उस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही शिकल्या जातात. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणे ही त्यातलीच एक. सगळा भार मग ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन उतारावर धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा साधा नियम न शिकल्याने किंवा न पाळल्याने बोरघाटात किती संसार उघड्यावर पडले!

पण आपल्या दृष्टीने त्या शाळेचा आणखी एक दोष आहे. तिथे मुलीला प्रवेशच नाही. परक्या माणसाबरोबर रात्री-अपरात्री केबिनमध्ये कोणती आई मुलीला पाठवील? आणि कोणता उस्ताद तिला घेईल? म्हणून मुलग्याला रीतसर शाळा नसली तरी चालते. मुलीला रीतसर शाळेवाचून दुसरा रस्ताच नाही. शाळा कशी असावी हा प्रश्न म्हणूनच पुरुषांपेक्षा आपला जास्त आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायला वय किमान २० हवे. आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असला पाहिजे, मगच जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. मोटार स्वतःच्या भावाकडून शिकली तरी चालते. पण जड वाहनाच्या परवान्याच्या अर्जाला मान्यताप्राप्त शाळेचे नमुना ५ मधले प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणजे शाळेचा उंबरठा ओलांडल्याशिवाय परवाना नाही.

या शाळांच्या अटी १९८९ च्या केंद्रीय नियमांत लिहिल्या आहेत. जागा हवी. ज्या प्रकारचे वाहन शिकवायचे त्या प्रकारचे निदान एक वाहन शाळेच्या मालकीचे हवे, आणि त्याला शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक-क्लच हवेत. शिक्षक दहावी पास, पाच वर्षे गाडी चालवलेला आणि मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेला हवा. फळा, वाहतूक चिन्हांचे तक्ते, इंजिन आणि गिअरबॉक्स, पाने, पक्कड, हातोडा, जॅक, पंक्चरचे सामान, प्रथमोपचाराची पेटी, अशी यादी आहे. जड वाहनाचे शिक्षण किमान तीस दिवसांचे आणि प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान पंधरा तासांचे, असेही म्हटले आहे. यादी करणाऱ्याला हातोडा आठवला. बाईमाणसाला लघवीला जायला जागा लागते हे आठवले नाही. शिकायला बाई येईल हे त्याच्या डोक्यातच नव्हते, दुसरे काय?

प्रत्यक्षात काय होते? आमच्या गटातल्या दोघी जणी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीला गेल्या. तिथे ट्रक नव्हताच, दोन मोटारी होत्या. मालक म्हणाले, “ताई, हेवीचे लायसन्स काढून देऊ, पण शिकायचे तुमचे तुम्ही बघा. नाहीतर स्कूटी शिका, तुम्हाला तेच बरे.” वरवर पाहता हा माणूस अडवत नव्हता, उलट सवलतच देत होता. पण न शिकता मिळालेला कागद मुलग्याला उपयोगी पडतो, कारण तो क्लीनरच्या सीटवर शिकून आलेला असतो. आमच्या पोरींना त्या कागदाचा उपयोग काय? पहिल्याच उतारावर तो कागद त्यांच्या आणि दुसऱ्यांच्याही जिवावर उठेल. वर लोक म्हणायला मोकळे, ‘बघा, बाईच्या हातात गाडी दिली!’

म्हणून माझे म्हणणे असे आहे की शाळेच्या अटी सैल करा, अशी मागणी आपण करू नये. अटी आल्या की गरीब मागे राहतो हा आपला अनुभव आहे, तो खोटा नाही. पण अट कुणावर आहे हे बघायला हवे. शिकणारीवर घातलेली अट तिला बाहेर ठेवते. शिकवणाऱ्यावर घातलेली अट तिला खरे शिक्षण मिळवून देते. व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पास असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये काढली, हे योग्यच झाले. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या किती तरी हुशार बाया आपण बघतो. पण पंधरा तास प्रत्यक्ष गाडी चालवायला देण्याची अट शाळेवर आहे. तिच्यातला एकही तास आपण सोडता कामा नये.

१ जुलै २०२१ पासून आणखी एक व्यवस्था लागू झाली आहे. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रे काढता येतात आणि तिथे पास झालेल्याला आर.टी.ओ.ची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. सिम्युलेटर हवा, चाचणीचा ट्रॅक हवा, बोटाच्या ठशाने हजेरी हवी, आणि जड वाहनांसाठी दोन एकर जमीन हवी. शिक्षण म्हणून हे चांगले आहे. पण मावळात दोन एकर? इथे गुंठ्यागुंठ्याने जमीन बंगल्यांना आणि रिसॉर्टना चालली आहे. एवढी जमीन आणि एवढे भांडवल ज्याच्याकडे आहे तो फी किती घेईल, आणि त्या फीत आमची कोण बसेल? त्यावर उत्तर अट उतरवणे हे नाही. एम.आय.डी.सी.कडे जमीन आहे, एस.टी.कडे आगारे आहेत. भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून आहे, तिथे या विषयातले जाणकार आहेत. जमीन ज्या सरकारने रस्त्याला आणि कारखान्यांना मिळवून दिली, त्याने दोन एकर शिकणाऱ्या बायकांसाठीही शोधावी.

सरकारने मनावर घेतले तर काय होते याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. एस.टी.ने २०१९ मध्ये महिला चालकांची भरती काढली तेव्हा जड वाहनाच्या अनुभवाची अट बाजूला ठेवून हलक्या वाहनाच्या परवान्यावर उमेदवार घेतल्या, उंचीची अट १५३ सेंटिमीटरवर आणली, आणि पुढचे शिक्षण महामंडळाने द्यायचे ठरवले. म्हणजे उमेदवाराची अट उतरवली आणि शिकवण्याची जबाबदारी स्वतः घेतली. हेच मी म्हणते आहे. मध्ये करोना आला, संप झाला, आणि २०२३ मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एस.टी. चालवली. तमिळनाडूत वसंतकुमारी १९९३ मध्येच सरकारी बसच्या चालक झाल्या होत्या. आपल्याला तीस वर्षे जास्त लागली.

आणि आमच्या घाटाचेच उदाहरण द्यायचे तर सुरेखा यादव यांचे. साताऱ्याच्या या शेतकऱ्याच्या मुलीला रेल्वेने निवडले, कल्याणच्या शाळेत शिकवले आणि १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन बोरघाट उतरवून मुंबईला नेली. मार्च २०२३ मध्ये वंदे भारत नेली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्याच डोंगरात रुळांवरून अख्खी गाडी बाई नेऊ शकते, आणि शेजारच्या डांबरी रस्त्यावरून ट्रक नेऊ शकत नाही, याला कोणते शास्त्र म्हणायचे? फरक एवढाच, की रेल्वेला स्वतःची शाळा होती.

एक आक्षेप आपल्याच मैत्रिणी घेतात. ट्रकवाल्याचे आयुष्य म्हणजे जागरण, व्यसने, अपघात, घरापासून महिनोन्‌महिने दूर. अशा कामात बायकांना कशाला ढकलायचे? योगिता रघुवंशी यांचा विचार करा. नंदुरबारच्या या पदवीधर बाईंनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर, मुलांच्या पोटासाठी, भोपाळहून ट्रक चालवायला घेतला. त्यांनी काही कोणाला विचारून तो धंदा निवडला नव्हता. काम वाईट आहे म्हणून बाईने करू नये, असे म्हटले तर भातलावणीही करू नये, बंगल्याचे संडासही धुऊ नयेत. रात्री मुक्कामाला विश्रांतीची जागा द्यावी असे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात म्हटले होते. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत गेला. एवढ्या वर्षांत हमरस्त्यावर किती विश्रांतिगृहे झाली, ते आपण डोळ्यांनी बघतोच. स्वच्छ संडास, उजेड, झोपायला जागा या गोष्टी पुरुष ड्रायव्हरलाही हव्याच आहेत. बाई आली की निदान त्यांची मागणी मोठ्याने होईल.

दुसरा आक्षेप सरकारचा असतो, की बायकांसाठी गुलाबी ई-रिक्षा दिली आहे ना? २० टक्के सरकारचे, १० टक्के बाईचे, ७० टक्के बँकेचे कर्ज. रिक्षा वाईट नाही. पण लहान गाडी बाईची आणि मोठी गाडी पुरुषाची, हे ठरवले कुणी?

तेव्हा आपण मागायचे ते नेमके मागू. शाळेकडे शिकवायचा ट्रक खरोखर आहे का, याची आर.टी.ओ.ने जागेवर तपासणी करावी. निदान तालुक्याच्या एका केंद्रात बाई शिक्षिका असावी. संडास ही अट हातोड्याच्या वरच्या ओळीत यावी. शिकण्याच्या सहा आठवड्यांत रोजगार बुडतो, त्याचे विद्यावेतन मिळावे. शिकवताना गिअरवरचा हात कुठे कुठे जातो हे मोटार शिकलेल्या किती तरी जणींना माहीत आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या शाळेविरुद्धही २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर, वाहतूक चिन्हांच्या तक्त्याशेजारी, मराठीत लावलेले असावे.

आणि एक गोष्ट गटांतून आजच सांगण्यासारखी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकते. म्हणजे मोटारीचा परवाना असलेल्या बाईला छोट्या टेम्पोपासून सुरुवात करता येते. दूध, भाजी, आमचा इंद्रायणी तांदूळ बाजारात न्यायला दुसऱ्याच्या गाडीचे भाडे कशाला द्यायचे? त्यातच एक वर्ष गेले की मोठ्या गाडीच्या शिकाऊ परवान्याला ती पात्र होते.

मैत्रिणींनो, आपापल्या तालुक्यात जाऊन बघा: ट्रक शिकवणाऱ्या शाळा किती, त्यांच्याकडे ट्रक किती, गेल्या वर्षी बायका किती शिकल्या, फी किती. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मावळातली माहिती गोळा करायला आम्ही सुरुवात केली आहे. तुमची आली की सगळी मिळून परिवहन आयुक्तांपुढे ठेवू.